तारेतली खरखर नेमकी कुणाची?

या महिन्यातली निम्मी पत्रं एकाच घरगुती भांडणाची आहेत : विजेच्या तारेतून काहीतरी घाण येते आणि ती शेजाऱ्याचीच असते. तंत्रनिकेतनाची विद्युत प्रयोगशाळा 31 वर्षं सांभाळली, त्यामुळे अशी भांडणं मला नवी नाहीत. एकदा तर मीही असाच भांडलो होतो, ते पुढे येईलच. चार पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : सर, इचलकरंजीत माझं वायंडिंगचं छोटं युनिट आहे. दिवाळीनंतर कॉम्प्रेसरला व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवला. तेव्हापासून शेजारच्या कारखान्यातल्या रॅपिअर मागांचे कंट्रोल बोर्ड दिवसातून तीन-चारदा अडकतात. आम्ही दोघं एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहोत. शेजाऱ्यांच्या वायरमनने हार्मोनिक (50 हर्ट्झच्या पटीतल्या नको असलेल्या फ्रीक्वेन्सी) दाखवणारा टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती धरायचा क्लॅम्प मीटर, माझ्या इनकमरला (आत येणाऱ्या मुख्य केबलला) लावला आणि म्हणाला, "पाचवा, सातवा भरपूर आहे आणि बाण डीपीकडे आहे. म्हणजे घाण इथूनच बाहेर चाललीय." ती बाहेरून माझ्याकडे येत असेल तर? कसं ठरवायचं?

उत्तर : त्या वायरमनला टेस्टर काढून उलटा लावायला सांगा. बाण तुमच्या युनिटकडे होईल आणि आकडा तोच राहील. मग काय, घाण आता आत यायला लागली?

टेस्टरच्या जबड्यावरचा बाण तो कसा धरला आहे एवढंच सांगतो. पाचवा हार्मोनिक म्हणजे 250 हर्ट्झ. तो करंट सेकंदाला 250 वेळा पुढे जातो आणि 250 वेळा मागे येतो. अशा करंटला एकट्याने दिशा नसतेच. दिशा असते ऊर्जेला, आणि ती कळायला करंटच्या जोडीला व्होल्टेज लागतं, तेही त्याच क्षणाचं.

हे करणारं यंत्र पूर्वी आपल्या प्रत्येकाच्या घरात होतं. काचेआड ॲल्युमिनियमची चकती फिरणारा तो काळा मीटर आठवा. त्यात एक कॉइल व्होल्टेजची असायची आणि एक करंटची. चकती फिरायची ती या दोघांच्या जोडीवर. हंगेरीच्या ऑटो ब्लाथी यांनी 1889 साली अशा मीटरचं पेटंट घेतलं. करंट कॉइलची जोडणी उलटी केली की चकतीही उलटी फिरायची. आमच्याकडे दरवर्षी एखादा विद्यार्थी हे मुद्दाम करायचा आणि मी न पाहिल्यासारखं करायचो. कारण त्या दोन मिनिटांत तो जे शिकायचा ते माझ्या तासभराच्या फळ्यावर नसायचं.

अजून सोपं हवं असेल तर जातं घ्या. आजोळी पहाटे जात्यावर दोघी बसायच्या. खुंटा एक, हात दोघींचे. जातं गरगर फिरतंय एवढं पाहून कोण जोर लावतेय आणि कोण नुसता हात ठेवून ओवी म्हणतेय, हे सांगता यायचं नाही. आजीला मात्र बरोबर कळायचं. आपण रेटतोय तिकडेच खुंटा चाललाय, की खुंटाच आपला हात ओढून नेतोय, हे हाताला समजतं. व्होल्टेज म्हणजे रेटा आणि करंट म्हणजे खुंट्याचं फिरणं. वायरमनने फक्त फिरणं मोजलं.

तेव्हा करंट आणि व्होल्टेज एकत्र मोजणारा पॉवर ॲनलायझर भाड्याने आणा. क्लॅम्पचा बाण तुमच्या युनिटकडे ठेवा आणि व्होल्टेजच्या वायरी त्याच त्या फेजला लावा. 50 हर्ट्झची पॉवर अधिक चिन्हात दिसली पाहिजे, कारण वीज तुम्ही घेताय. ती वजा दिसली तर क्लॅम्प उलटा तरी आहे किंवा फेज चुकली आहे. आधी ते दुरुस्त करा, मग पुढचं बघा. आता 250 आणि 350 हर्ट्झच्या पॉवरचं चिन्ह पाहा. 50 ला अधिक आणि 250 ला ठळक वजा असेल, तर तुमचा ड्राइव्ह लाइनकडून वीज घेऊन तिचा थोडा भाग हार्मोनिक करून परत ढकलतोय. ड्राइव्हमधल्या सहा डायोडच्या रेक्टिफायरचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागाचा) हा स्वभावच आहे. 250 लाही अधिक असेल, तर घाण बाहेरून येऊन तुमच्या मोटारी तापवतेय.

"ठळक" हा शब्द मी उगाच घातलेला नाही. समजा 250 हर्ट्झचं व्होल्टेज 6 व्होल्ट आहे, करंट 10 अँपिअर आहे आणि दोघांतला कोन, म्हणजे एक दुसऱ्याच्या किती मागे-पुढे आहे ते, 88 अंश. पॉवर झाली 2 वॅटच्या आसपास, अधिक चिन्हाची. क्लॅम्पने कोनात 3 अंशांची चूक केली, तर तीच पॉवर उणे 1 वॅट दिसेल. म्हणजे चोर बदलला! स्वस्त क्लॅम्प 250 हर्ट्झला अशी चूक सहज करतात. कोन 90 च्या जवळ असेल तर चिन्हावर विश्वास ठेवू नका. मी तरी ठेवत नाही.

आणि कोन 90 च्या जवळ नेमका कुठे असतो? कपॅसिटरमध्ये. पॉवर फॅक्टर सांभाळायला तुमच्याकडे कपॅसिटरचं पॅनेल असणारच. कपॅसिटरचा अडथळा फ्रीक्वेन्सी वाढली की कमी होतो, 250 हर्ट्झला तो 50 च्या एकपंचमांश असतो. त्यामुळे साऱ्या गल्लीतला पाचवा हार्मोनिक ज्याचं पॅनेल मोठं त्याच्याकडे पळतो. वायरमनला तुमच्या केबलमध्ये करंट भरपूर दिसला, पण तो चोराचा असेल तसाच सोसणाऱ्याचाही असू शकतो. पावसाचं पाणी ज्याच्या अंगणात साचलं, त्याच्या अंगणात ढग फुटला असं कुणी म्हणत नाही.

पुढची गंमत ट्रान्सफॉर्मरची. तुमची डीपी 100 केव्हीएची आणि तिचा इम्पिडन्स (आतला अडथळा) 4.5 टक्के धरू. शॉर्ट सर्किटची क्षमता झाली सुमारे 2222 केव्हीए. दोघांच्या पॅनेलमधले मिळून 45 केव्हीएआर कपॅसिटर त्या क्षणी जोडलेले असले, तर 2222 भागिले 45 म्हणजे 49 आणि त्याचं वर्गमूळ 7. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून नेमके सातव्या हार्मोनिकला झोका देतात, म्हणजे रेझोनन्स होतो. ड्राइव्हने दिलेला एवढासा धक्का डीपीवर कितीतरी मोठा होतो. मागांचे बोर्ड दिवसभर न अडकता तीन-चारदाच का अडकतात, याचं उत्तर मला इथे दिसतं. पॅनेलचे टप्पे आत-बाहेर होताना एखाद्या वेळी नेमकी ही बेरीज जुळत असणार. बोर्ड अडकला की शेजाऱ्यांनी वेळ लिहून ठेवावी आणि तुम्ही पॅनेलवर त्या वेळी किती टप्पे लागले होते ते लिहावं. आठवडाभर एवढं करा.

ॲनलायझर मिळाला नाही, तर दोन स्विचवर काम भागतं. शेजारचे माग चालू असताना आधी ड्राइव्ह बंद, पॅनेल चालू असं दहा मिनिटं ठेवा. पाचव्या-सातव्याचा करंट तरीही टिकला तर तो बाहेरचा आहे आणि तुमचं पॅनेल तो ओढून घेतंय. मग पॅनेल बंद, ड्राइव्ह चालू. करंट आता दिसला तर तो तुमचा. दोन्ही वेळा थोडा आणि दोन्ही चालू असताना एकदम मोठा, असं झालं तर वर सांगितलेला झोका आहे. त्यात दोष एकट्याचा नसतो. हे शेजाऱ्यांना समोर बसवून करा, वायरमनलाही बोलवा. आकडे तिघांनी एकत्र पाहिले की आवाज आपोआप खाली येतात.

औषध म्हणाल तर ड्राइव्हच्या इनपुटला लाइन चोक, म्हणजे एक कॉइल. पॅनेलला 7 टक्क्यांचे डीट्यून्ड रिॲक्टर (कपॅसिटरच्या जोडीला लावायच्या कॉइल) घेतले, तर झोक्याची जागा 189 हर्ट्झवर उतरते, पाचव्याच्याही खाली. मात्र रिॲक्टर लावल्यावर कपॅसिटरवर जास्त व्होल्टेज येतं, म्हणून जुने कपॅसिटर तसेच ठेवू नका.

एक ताकीद. ऑसिलोस्कोपची साधी प्रोब घेऊन कुणी फेजला लावायला निघाला, तर त्याला आधी बाहेर काढा. प्रोबची काळी क्लिप आतून अर्थला जोडलेली असते. डिफरन्शियल प्रोब नसेल तर तो प्रयोग नको.

प्रश्न : मिरजेला राहते. संध्याकाळी आकाशवाणी सांगली लावलं की रेडिओत जोराची खरखर येते. मुलाने घरचा मेन स्विच बंद करून पाहिला, तरी खरखर तशीच. म्हणजे ती बाहेरच्या तारेतून येते ना? समोर वेल्डिंगचं दुकान आहे.

उत्तर : ताई, दुकानदाराशी अजून काही बोलला नसाल तर दोन दिवस थांबा. मी थांबलो नव्हतो.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. कार्तिकात एका संध्याकाळपासून 1251 किलोहर्ट्झवर सांगली ऐकणं अशक्य झालं. मी अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने मेन पाडला, खरखर कायम. मीटरबोर्डपाशी रेडिओ नेला तर आवाज सगळ्यात मोठा. झालं, खरखर बाहेरून मीटरवाटे घरात शिरतेय! गिरणीवाल्यांना मोटारीचे ब्रश, सुटलेलं अर्थिंग असं बरंच सुनावून आलो. मोटार इंडक्शनची होती, तिला ब्रश नसतातच, हे त्यांनी मला सांगितलं. एवढ्यावर मी शहाणा व्हायला हवं होतं. मग आला गिरणीच्या सुट्टीचा दिवस. गिरणीला कुलूप आणि माझ्या रेडिओत तीच खरखर.

चोर माझ्याच गॅलरीत लटकत होता. आकाशकंदिलात एलईडीची माळ, माळेला बारकासा अडॅप्टर आणि त्या गॅलरीचा पॉइंट इन्व्हर्टरवर. मेन पाडला की इन्व्हर्टर इमानेइतबारे आकाशकंदील तेवत ठेवायचा. इन्व्हर्टर मीटरबोर्डच्या खाली असल्याने आवाजही तिथेच मोठा. पूर्ण घर अंधारात आणि गॅलरीत एक दिवा, हे दिसूनही मला दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन गिरणीवर गेलो. त्यांनी डबा घेतला, पण पुढे महिनाभर माझं दळण सगळ्यांत शेवटी लागायचं.

तेव्हा मुलाला सांगा : रेडिओ सेलवर चालवायचा. मेनबरोबर इन्व्हर्टरचं आउटपुटही बंद करायचं. आणि तो "मेन" नेमका काय तोडतो ते बघायचं. साधी एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. खरखरीचा एक प्रकार असा असतो की ती दोन्ही तारांवर एकाच वेळी, अर्थच्या तुलनेत, वरखाली होते. तिला कॉमन मोड म्हणतात. ती न्यूट्रलवरून खुशाल आत येते. म्हणून तपासणीला डीपी स्विच हवा, म्हणजे डबल पोल. (गावाकडे डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, इलेक्ट्रिशियनकडे डबल पोल, नातवाकडे मोबाइलवरचा फोटो. कुठली डीपी ते आधी ठरवून घ्यावं.)

एवढं करून खरखर राहिली तरच ती बाहेरची. मग वेल्डिंगचा विचार करा, पण कानाने. वेल्डिंगची खरखर कारागिराच्या हाताबरोबर तुटक येते, पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची एकसुरी भुणभुण रेग्युलेटर फिरवला की बदलते, आणि मिक्सरची वेगाबरोबर चढते. पुष्कळदा दिशा शोधायची वेळच येत नाही, आवाजच नाव सांगतो.

प्रश्न : लांज्याजवळ वाडीत घर आहे. रत्नागिरी केंद्र लावलं की पावसाळ्यात रात्रभर टक… टक… टक असा ठोका ऐकू येतो, सेकंदाला एक. रेडिओ घेऊन खांबांच्या ओळीने चालत गेलो. आवाज दोन खांब वाढतो, मग कमी होतो, परत वाढतो. कुठल्या बाजूने येतोय तेच समजेना.

उत्तर : सेकंदाला एक म्हटल्यावर माझा पहिला संशय रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनवर. सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात दोन झटक्यांमध्ये किमान 1 सेकंदाचं अंतर ठेवायला सांगितलंय, म्हणून ही यंत्रं साधारण त्याच तालात चालतात. नुसत्या झटक्याने इतका आवाज होत नाही. पावसात गवत वाढून कुंपणाच्या तारेला टेकतं किंवा एखादा इन्सुलेटर फुटतो, मग प्रत्येक झटक्याला तिथे ठिणगी उडते. मशीन सोलरवर असेल आणि लाइनला जोडलेलं नसेल, तरी कुंपण लाइनच्या कडेने गेलं असल्यास ठोका लाइनवर चढतो आणि वाडीभर फिरतो.

तुमचं चालणं फुकट गेलं याचं कारण सांगतो. रत्नागिरी 1143 किलोहर्ट्झवर. तिची तरंगलांबी 262 मीटर, अर्धी 131. तारेवरून गेलेली लहर टोकाला आपटून परत येते, आणि जाणारी-येणारी मिळून तारेवर उंचवटे आणि खळगे तयार होतात, साधारण दर 130 मीटरला एक. खांब 50-60 मीटरवर असतील तर तुमचे "दोन खांब" बरोबर बसतात! आवाज मोठा झाला म्हणजे चोर जवळ आला असं नाही, तुम्ही फक्त उंचवट्यावर उभे होता.

रेडिओला शॉर्टवेव्ह असेल तर वरच्या पट्ट्यात, 15-20 मेगाहर्ट्झच्या आसपास रिकाम्या जागी लावा. वरच्या फ्रीक्वेन्सी तारेवरून जाताना लवकर विरतात, म्हणून तिथे ठोका ऐकू आला तर ठिणगी खरोखर जवळ आहे. मीडिअमवेव्हवर सुरुवात करायची आणि जवळ जाऊ तसं वर चढायचं, हौशी रेडिओवाले असंच करतात. ठिणगी रात्री डोळ्यांनाही दिसते. सापडल्यावर मालकाला एक मिनिटभर मशीन बंद करायला सांगा, तुम्ही रेडिओ कानाला लावून उभे राहा.

खांबाला दगड मारून किंवा काठीने ठोकून खरखर बदलते का ते पाहणारे लोक मला माहीत आहेत. पावसात तर नकोच, उन्हाळ्यातही नको.

प्रश्न : पुण्यात इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये 33 केव्ही केबलच्या अर्थ पट्टीवर एचएफसीटी (जलद करंट पल्स पकडणारा क्लॅम्प) लावून पार्शल डिस्चार्ज, म्हणजे इन्सुलेशनच्या आत उडणाऱ्या बारीक ठिणग्या पाहतोय. पल्स पॉझिटिव्ह आली तर ती केबलमधून आणि निगेटिव्ह आली तर स्विचगिअरमधून (केबल जिथे जोडली आहे त्या स्विचच्या पॅनेलमधून), असं गाइडनी सांगितलं. एवढं पुरतं का?

उत्तर : पुरत नाही. डिस्चार्ज 50 हर्ट्झच्या वरच्या अर्ध्यात झाला की एक पोलॅरिटी (चिन्ह), खालच्या अर्ध्यात झाला की उलटी. म्हणजे एकाच जागेहून दोन्ही प्रकारच्या पल्स येतील आणि तुमच्या हिशोबात त्या दोन जागा होतील. वरच्या वायरमनचीच गोष्ट, फक्त पगार वेगळा.

त्याच टर्मिनेशनला (केबलच्या टोकाच्या जोडणीला) एक कपॅसिटिव्ह सेन्सर जोडा, म्हणजे व्होल्टेजची पल्सही मिळेल. केबलवर पुढे जाणाऱ्या लहरीत व्होल्टेज आणि करंट एकाच चिन्हाचे असतात, मागे येणाऱ्या लहरीत विरुद्ध चिन्हांचे. दोघांचं प्रमाण म्हणजे केबलचा सर्ज इम्पिडन्स, काही दहा ओहम. मूळ पल्स कुठल्याही पोलॅरिटीची असली तरी हे नातं बदलत नाही. एचएफसीटीच्या बाणाची कुठली बाजू "पुढे" धरायची ते कॅलिब्रेटरची पल्स एका बाजूने टोचून आधी नक्की करा. मनाने ठरवू नका.

अर्थ पट्टी सोडून अख्ख्या केबलभोवती एचएफसीटी लावायचा मोह होईल. कोअरमधला (आतल्या तारेतला) आणि स्क्रीनमधला (तिच्याभोवतीच्या धातूच्या आवरणातला) करंट एकमेकांना खोडतात, काहीही दिसणार नाही, आणि केबल निरोगी आहे असा अहवाल जाईल.

दोन्ही टोकांना पोहोचता येत असेल तर वेळ मोजणं जास्त भरवशाचं. एक्सएलपीई (प्लॅस्टिकच्या इन्सुलेशनच्या) केबलमध्ये पल्स मायक्रोसेकंदाला सुमारे 165 मीटर जाते. केबल 600 मीटरची आणि पल्स अ टोकाला 1.2 मायक्रोसेकंद आधी आली, तर 600 मधून 198 वजा करून निम्मे करा : अ पासून 201 मीटर. दोन्ही टोकांची घड्याळं जुळलेली हवीत, 1 मायक्रोसेकंदाचा फरक पडला तर खड्डा 80 मीटर चुकीच्या जागी खणाल. आणि हिशोब नेहमी पहिल्या पल्सचाच करा. तिच्यामागून येणारी दुसरी पल्स लांबच्या टोकाला आपटून आलेली असते आणि ती छातीठोकपणे उलटी दिशा सांगते.